नारळ नको, पानं मोज

मंडळी, 3 जून 2020 ची दुपार इथल्या कोणाला नव्याने सांगायला नको. निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आम्ही दिवेआगरला माजघरात दारं लावून बसलो होतो. वारा पडल्यावर मागचं दार उघडलं, तर समोर आभाळ! लग्न होऊन आले तेव्हापासून त्या दारातून मी कधी आभाळ पाहिलं नव्हतं. पोफळींच्या, म्हणजे सुपारीच्या झाडांच्या, शेंड्यांतून पडतील तेवढे कवडसे. त्या दिवशी सगळ्या पोफळी एकाच दिशेला आडव्या झाल्या होत्या.

मदत जाहीर झाली हेक्टरी 50,000 रुपये. आमच्या वाड्या, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागा, गुंठ्यांत मोजतात. दहा गुंठेवाल्याच्या वाट्याला पाच हजार. पडलेली खोडं उचलायलासुद्धा ते पुरेनात. असो, मला आज झाडांविषयी बोलायचं आहे.

आंब्याची फांदी मोडली तर ती नीट कापावी, वर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावावी. बाजूने नवी पालवी फुटते. माडाला, म्हणजे नारळाच्या झाडाला, ती सोय नाही. त्याच्या खोडाची जखम भरून येत नाही. नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याने चढायला पाडलेल्या खाचा जन्मभर तशाच राहतात. वाढणारा कोंब एकच, अगदी शेंड्यात. तो मेला की माड उभा असून गेलाच म्हणायचा. आणि कोंब जिवंत आहे की नाही, हे खालून कळत नाही.

म्हणून वादळानंतर आम्ही रोज माना वर करून बघायचो. झापं, म्हणजे माडाची पानं, पिळवटून लोंबत होती. आमच्या विहिरीजवळचा लहान माड तर मी मनातून सोडूनच दिला होता. आषाढात एका सकाळी त्याच्या मधोमध मिटलेलं पान दिसलं, भाल्यासारखं सरळ, पिवळसर हिरवं. मी तिथेच चिखलात उभी राहून रडले. वाडी गेली तेव्हा मला रडू आलं नव्हतं.

सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते म्हणाले, "आता दोन-तीन वर्षं नारळ मोजू नकोस, पानं मोज." अण्णांनी वनस्पतिशास्त्र वाचलेलं नव्हतं, पण गोष्ट खरी आहे. माड महिन्याला साधारण एक पान काढतो आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक पोय, म्हणजे फुलोरा, येते. आज उघडलेली पोय शेंड्याच्या आत धरलेली असते अडीच-तीन वर्षांपूर्वी. म्हणजे 2020 चा फटका पुढची दोन-तीन वर्षं नारळांत दिसणारच. तेवढ्या काळात नारळ मोजणारा माणूस खचतो. पानं मोजणाऱ्याला दर महिन्याला काहीतरी हाती लागतं. त्या तीन वर्षांत मला याच हिशेबाने तारलं, हे मी अगदी मनापासून सांगते.

तो माड आता माझ्या डोक्यावर गेला आहे. गळलेल्या झापांची वणं खोडावर वलयांसारखी राहतात. छातीच्या उंचीपर्यंत दोन वणांत चार-चार बोटं जागा आहे. मग एक पट्टा असा, की वणं एकमेकांना चिकटून, मध्ये जेमतेम बोटभर जागा. ते वादळानंतरचं वर्ष. त्या वर्षी त्याची उंची फारशी वाढली नाही, पण पानं काढायचं त्याने थांबवलं नाही. त्यावर पुन्हा तीन बोटं, मग चार.

पोफळींचं काम वेगळं होतं. रोठा सुपारीची रोपं आणली, पण कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही, आणि सावली तर सगळी आडवी झालेली. म्हणून आधी केळी लावल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं, त्यात केळी लोळल्या. पुन्हा लावल्या. अण्णा खुर्ची टाकून बसायचे आणि कुठल्या आळ्यात पाणी पोहोचलं नाही ते हाताने दाखवायचे.

यंदा त्यातल्या अकरा पोफळींनी पहिले घड धरले. मागच्या दारी सकाळचं ऊन अजून येतं, पण ते आता उंबऱ्यापर्यंत पोचत नाही.