टेकडीची धाव

नमस्कार श्रोतेहो. पुण्यात धावणाऱ्यांचे दोन पंथ आहेत, एक डांबरी रस्त्याचा आणि दुसरा टेकडीचा. 1983 पासून इथे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन होते, त्यामुळे पहिल्या पंथाला मान मोठा. मी मात्र आज टेकडीची बाजू घेऊन बोलणार आहे, आणि तीही उघड पक्षपात करून.

आधी वेताळ टेकडी. पुणे शहर समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, आणि वेताळाचं देऊळ 800 च्या आसपास. म्हणजे घरापासून वीस मिनिटांवर चांगला दोन-सव्वादोनशे मीटरचा चढ हजर! गोखलेनगरकडून चढा, पाषाणच्या पंचवटीतून या, नाहीतर लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूने. हा चढ एकसारखा नाही, कारण ही सगळी टेकडी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांची. थर संपतो तिथे खडी चढण, पुढच्या थरावर सपाटी. छाती भरून आली की जरा सपाटी लागते, श्वास खाली बसतो न बसतो तोच पुन्हा चढ. नवख्याने चढावर खुशाल चालावं. जुने धावपटूही चालतात, फक्त कबूल करत नाहीत.

खरी परीक्षा उतारावर. बेसाल्ट झिजून झालेला मुरूम कोरडा पडला की वर बारीक खडे सुटे होतात आणि टाच टेकली की पाय सरकतो. म्हणून पावलं आखूड टाकायची, गुडघे किंचित वाकलेले, अंग मागे न झुकवता, आणि नजर पायाशी न ठेवता चार पावलं पुढे. डांबरावर हजारो पावलं एकाच साच्यातली पडतात. इथे प्रत्येक पाऊल वेगळं पडतं, घोट्याभोवतीचे स्नायू कामाला लागतात. दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतात, ते वेगळं.

टेकडी ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात खडकावर शेवाळ धरतं, तिथे धावायचं नाही, चालायचं. सखल जागी चिखल बुटाला असा चिकटतो की बूट दुप्पट जड. दिवाळीच्या सुमारास गवत वाळतं आणि कुसळं सुरू होतात. कुसळाचं टोक मोज्यात सरळ शिरतं, पण बाहेर ओढलं की अडतं, कारण त्यावर उलटे बारीक केस असतात. ओढत बसू नका, मोजा उलटा करून आतून काढा. उन्हाळ्यात पाण्याची बाटली हवीच, वर सावली फार कमी.

सावलीवरून आठवलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये टेकडीवर गुलाबी फुलांचे झुबके दिसतात, लोक थांबून फोटो काढतात. ते गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी, बाहेरून आणून लावलेलं. देखणं आहे, नाही म्हणत नाही. पण माझं मन जातं ते सालईच्या ओबडधोबड झाडाकडे आणि पांगाऱ्याच्या लाल फुलांकडे. ती इथली. आणि कानातले हेडफोन काढून ठेवा हो! मोर ओरडतो, टिटवी अंगावर आल्यासारखी कलकलाट करते. तिचं घरटं उघड्या जमिनीवर, खड्यांतच असतं. ती ओरडली की वाट सोडून आत जायचं नाही.

चढाची धास्ती असेल तर तळजाई टेकडी गाठा. वाट रुंद, चढ सौम्य, रविवारी गर्दी मात्र जत्रेसारखी. पाषाण तलावाच्या कडेने तर जवळजवळ सपाटच, आणि थंडीत पाहुणे पक्षी बघायला मिळतात.

एक सांगायलाच हवं. अंधारात एकट्याने टेकडीवर जाऊ नका. लुटालुटीचे प्रकार घडलेले आहेत. उजाडू द्या, सोबत घ्या, फोन जवळ ठेवा. कुत्र्यांची टोळी दिसली तर धावणं थांबवून चालत पुढे जा.

बालभारती ते पौड फाटा असा रस्ता वेताळ टेकडीच्या कडेने काढायचा बेत वर्षानुवर्षं चर्चेत आहे आणि त्याला विरोध करत पुणेकर रस्त्यावरही उतरले आहेत. गाड्यांची कोंडी मलाही दिसते. तरी माझं मत विरोध करणाऱ्यांच्या बाजूने आहे. डांबर आपल्याकडे भरपूर आहे, मुरमाची वाट पुन्हा बनवता येत नाही.

पाय तयार झाले की मग सिंहगड. पायथ्याच्या आतकरवाडीतून पायवाट धरायची. गडाची उंची 1300 मीटरच्या वर, त्यामुळे वेताळ टेकडीवरचा सगळा तोरा पहिल्या अर्ध्या तासात उतरतो. शनिवार-रविवारी उशीर केलात तर वाटेवर माणसांची रांगच लागते, धावायला जागा उरत नाही; जमलं तर मधल्या वारी जा. वर पिठलं-भाकरी, कांदा भजी आणि मडक्यातलं दही वाट बघत असतं. खा पोटभर. फक्त उतरताना चालत उतरा. दही पोटात घेऊन सिंहगडाच्या उतारावर धावणं काय असतं, ते इथे रेडिओवर सांगण्यासारखं नाही.