तगाई, खडी, हप्ता

(तालुक्याच्या ग्रंथालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, मला माइकसमोर बोलायची सवय नाही. मला काचेच्या गोल भोकातून बोलायची सवय आहे. बँकेत उभी हयात गेली, त्यातली बरीच वर्षं बीड आणि नगर जिल्ह्यांच्या शिवेवरच्या शाखांत. त्यामुळे आज जे सांगणार ते काउंटरच्या आतून दिसलेलं. अर्थशास्त्र ऐकायला आला असाल तर मागचं दार उघडं आहे.

ऑगस्ट २०२४. माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष. लाडक्या बहिणीचे पहिले पैसे यायला लागले होते, जुलै-ऑगस्टचे मिळून तीन हजार. सकाळी नऊला शटरपुढं पाचपन्नास बायका. प्रत्येकीच्या हातात पासबुक, आणि प्रश्न एकच, "पडले का?" त्या रांगेत एक म्हातारबाबा होते, म्हाताऱ्यांच्या श्रावणबाळ योजनेच्या पैशासाठी आलेले. अर्धा तास उभं राहून कावले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या टायमाला खडी फोडल्याबिगर सरकार दमडी देत नव्हतं." त्यांच्या पुढं उभी असलेली बाई मागं न वळताच म्हणाली, "मग फोडा की आता. कोण नको म्हणतंय?" रांग हसली. बाबाही हसले, जरा उशिरानं. मी शिक्का मारत राहिलो, पण ती दोन्ही वाक्यं डोक्यातून गेली नाहीत.

आमच्या घरात सरकारी मदतीला चार पिढ्यांत चार शब्द झाले. आजोबांचा शब्द तगाई. आईचा आणि चुलतीचा खडी. माझ्या वयाच्या शेतकऱ्यांचा माफी. आणि आताच्या सुनांचा हप्ता.

तगाई आता कुणाला माहीत नसेल. बैल मेला, विहीर आटली, बियाणं नाही, तर सरकार कर्ज द्यायचं. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी त्याची घडी बसवली. ते फेडायचं असे, आणि नाही फेडलं तर तलाठी यायचा, भांडी जप्त व्हायची. आजोबांनी तगाई फेडल्याच्या पावत्या पत्र्याच्या ट्रंकेत कोर्टाच्या कागदांसारख्या जपल्या होत्या. त्यांच्या लेखी सरकारकडून पैसा घ्यायचा हा एकच इभ्रतीचा रस्ता होता, घ्यायचा आणि व्याजासकट परत करायचा.

म्हणून बहात्तरला काय झालं ते ऐका. मी सात वर्षांचा. लागोपाठची वर्षं पावसानं दगा दिलेला. विहिरी तळाला, कडबा नाही, जनावरं मिळेल त्या भावात बाजारात. सरकारनं दुष्काळी कामं काढली, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, आणि सगळ्यात जास्त खडी फोडणं. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. मे १९७३ मध्ये या कामांवर राज्यभरात ५० लाखांच्या आसपास माणसं होती. हा आकडा मी पुन्हा सांगत नाही, तुम्हीच मनात एकदा म्हणून बघा. आमच्या गावातून मळ्याची चार घरं सोडली तर सगळे गेले. आजोबा गेले नाहीत. "आपण कुणाच्या मस्टरवर अंगठा देणारी माणसं नव्हं," म्हणाले. त्यांनी सुना पाठवल्या.

सुना म्हणजे माझी आई आणि धाकटी चुलती. चुलतीला आम्ही जिजी म्हणतो. जिजी तेव्हा विशीतली. लग्न होऊन आल्यापासून डोक्यावरचा पदर न ढळलेली बाई, ती एकदम रस्त्याच्या कडेला उन्हात बसली, पाचशे माणसांत, हातात हातोडी, बोटांना लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून. मोठा दगड बाप्यांनी सुतकीनं फोडायचा, बायकांनी त्याची खडी करायची. कच डोळ्यात जायची. आठवड्याला ढिगाचं मोजमाप. ओवरसियर टेप लावायचा, आणि ढीग आत पोकळ रचलाय का म्हणून मुकादम वर चढून लाथा मारायचा. पोकळ रचायचेही बरं का! जिजी अजून हसत सांगते, मधे मोठे धोंडे आणि वरून बारीक खडी. दुपारी सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक खाऊ, मिळायची. आम्ही पोरं त्या सुकडीसाठी शाळा बुडवून कामावर जायचो. घरी अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकर. ती थापताना फाटायची आणि गिळताना अडायची.

जिजी या सगळ्याबद्दल बोलते तेव्हा तिचा आवाज बदलतो. "फुकटचा दाणा खाल्ला न्हाई." हे वाक्य तुम्हा सगळ्यांच्या घरात आहे, मला माहीत आहे. इथं मान हलवणारे दिसताहेतच.

आता मला जरा वाकडं बोलायचं आहे. जिजीनं फोडलेल्या खडीचा एक ढीग आमच्या फाट्यावर होता. मी दहावी झालो, १९८१ साली, तेव्हाही तो तिथंच होता. शेळ्या त्यावर चढून बसायच्या. म्हणजे तो दगड रस्त्याला लागलाच नाही. त्या खडीची गरज रस्त्याला होती का जिजीला मजुरी देण्यापुरतं कारण सरकारला हवं होतं? मला वाटतं, दुसरंच. तेही काही वाईट नव्हतं. त्या कामांनी बहात्तरला भूकबळींची साथ येऊ दिली नाही, हे पुढं ज्यां द्रेझसारख्या अभ्यासकांनी तपासून मांडलं. पण दगड फोडून घेतल्याशिवाय दाणा द्यायचा नाही ही अट आली कुठून?

ती गोऱ्या साहेबाची. १८७६ ते ७८ चा दुष्काळ. सरकारनं दुष्काळी कामांवर नेमलेल्या सर रिचर्ड टेंपलनं ठरवलं की दुष्काळी कामावरच्या बाप्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर आणा-अर्धा आणा पुरे. पौंड म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम. दिवसभर दगड फोडून. मुंबई इलाख्यात लोक ही मजुरी नाकारून कामावरून उठून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढं मांडली. पुढं १८७८ मध्ये दुष्काळ आयोग बसला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला, त्यातून दुष्काळाचे नियम झाले. त्या नियमांचा गाभा असा की काम इतकं कष्टाचं आणि मजुरी इतकी बेताची ठेवा की ज्याच्या पोटात खरंच काही नाही तोच येईल. कसोटीची कामं, असंच त्यांना म्हणत. खडी ही माणसाची लाज आणि भूक यांतलं जास्त काय, ते मोजायची तागडी होती.

१८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा टिळकांनी 'केसरी'तून आणि सार्वजनिक सभेच्या माणसांकरवी शेतकऱ्यांना हेच नियम समजावून सांगितले. सांगणं असं की ही मदत म्हणजे भीक नव्हे, कायद्यात लिहिलेलं आहे, मागून घ्या. सव्वाशे वर्षांपूर्वी. आज कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर असं लिहिलं तर खाली लगेच येईल, लोकांना फुकटची सवय लावू नका.

जिजीचा अभिमान खोटा आहे असं मी म्हणत नाहीये. साहेबानं लाज वाटावी म्हणून ठेवलेली कसोटी आमच्या बायकांनी मानाची करून टाकली, ही त्यांची कमाई. पण त्याच कसोटीनं दुसऱ्याच्या सुनेला मोजायचं म्हटलं की मी थांबतो.

आणि खडीवरच्यांना तरी तेव्हा कोण मान देत होतं? वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातले, विधान परिषदेचे सभापती. १९६५ मध्ये त्यांच्या कल्पनेवर त्याच तालुक्यात प्रयोग झाला, आणि त्यातून रोजगार हमी उभी राहिली. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. काम मागणं हा हक्क झाला. देशानं तो २००५ साली उचलला. या योजनेसाठी १९७५ पासून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले जायचे. आमच्या शाखेतले सहकारी ती ओळ बघून दरमहा कुरकुरायचे, आणि त्यातल्या निम्म्यांच्या आया कधीतरी खडीवर बसलेल्या होत्या! गावात म्हण कोणती होती? "रोजगार हमी, अर्धे तुम्ही, अर्धे आम्ही." मळ्यातले बागायतदार म्हणायचे, या हमीनं मजूर माजले, शेतात कुणी येत नाही. जिजीची पिढी ज्यांना आज आळशी म्हणते, त्यांच्याबद्दल जे बोललं जातं ते सगळं तिच्याबद्दल बोलून झालेलं आहे. ते तिच्या कानावर आलं नसेल, कारण ती दिवसभर उन्हात होती.

माफीबद्दल फार बोलत नाही, घसा बसतो. २००८ साली कर्जमाफीच्या याद्या शाखेच्या भिंतीवर लावल्या. पाच एकरांच्या आतल्याला पूर्ण माफी, पुढच्याला रकमेत सूट. यादीत नाव नाही म्हणून माझ्याशी भांडलेला एकच गट होता, नियमित कर्ज भरणाऱ्यांचा. "भरणारे येडे ठरलो का, साहेब?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०१९ च्या दोन लाखांच्या माफीत नियमित भरणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन ठेवलं, तेव्हा कुठं त्यांचा राग थोडा निवला. माझ्या पिढीला घेतल्याची लाज वाटली नाही, शेजाऱ्याला जास्त मिळालं याचाच त्रास जास्त झाला. हेही कबूल करून टाकू.

आता हप्ता. जिजीची सून, म्हणजे माझी चुलतवहिनी. तीन एकर कोरडवाहू. नवऱ्याच्या खात्यावर केंद्राच्या पीएम किसानचे वर्षाला सहा हजार, २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरीचे आणखी सहा, तिच्या खात्यावर लाडक्या बहिणीचे महिन्याला पंधराशे. ऐकायला बरं वाटतं. मागच्या दिवाळीत मी तिच्या ओट्यावर बसलो होतो. ती भाजी निवडत होती, मधेच पदराला हात पुसून मोबाईल बघायची. मंगळवार होता. मंगळवारी फायनान्सवाल्या पोराचा दिवस. दहा बायकांचा गट, एकमेकींच्या जामिनावर घेतलेलं कर्ज, आठवड्याचा हप्ता. सरकारचाही हप्ता आणि फायनान्सचाही हप्ता! एक येणारा, एक जाणारा. येणाऱ्याची तारीख पक्की नसते, जाणाऱ्याची कधी चुकत नाही. आतून जिजी म्हणाली, "तुमचं काय बाई, बोट दाबलं की पैसं." वहिनी काही बोलली नाही. मेथीची एक काडी जरा जोरात मोडली, एवढंच.

जिजी खडीवर पाचशेजणींत बसली होती. सगळ्या गावाची चूल एकदम विझली होती, मग कोण कुणाला हसणार? तिथं गाणी म्हटली जायची, भांडणं व्हायची, तान्ही पोरं सांभाळायला एक बाई बसवलेली असायची. हलाखी चव्हाट्यावर होती, म्हणून ती सांगता आली, आणि सांगून सांगून तिची शौर्यकथा झाली. वहिनीची ओढाताण सहा इंची काचेत आहे. अपात्र ठरली तर तो मेसेज ती एकटी वाचणार. २०२५ साली ई-केवायसी आली, नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागू लागली. ज्यांचे दोघंही वारलेले, अशा बायका कितीतरी दिवस त्या एका रकान्यापुढं अडून राहिल्या. या सगळ्याचं पुढं नातवंडांना ती काय सांगणार? ओटीपी आला नव्हता म्हणून?

एक शब्द मात्र सांगायचा राहिला. जिजीला श्रावणबाळचे पंधराशे मिळतात. काका गेल्यावर माझ्या चुलतभावानंच अर्ज भरला. फुकटचा दाणा न खाल्लेली जिजी हे पैसे कसे घेते, याचं मला कुतूहल होतं. ती त्याला 'पगार' म्हणते. आमच्या भागात सगळेच म्हातारे म्हणतात, "पगार झाला का?" पन्नास वर्षांपूर्वी फोडलेल्या खडीचा म्हणा, नाहीतर उभ्या जन्माचा म्हणा, पण पगार. हा शब्द कुठल्या शासन निर्णयात नाही. मी सगळे जीआर चाळलेला माणूस आहे. त्यांत अर्थसहाय्य आहे, अनुदान आहे, सन्मान निधी आहे. पगार म्हाताऱ्यांनी स्वतः शोधला.

गेल्या महिन्यात तिला घेऊन मी गावातल्या बँकमित्राकडं गेलो. एका पत्र्याच्या टपरीत लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र. तिनं अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला, लाल दिवा. पोरगं म्हणालं, "आजी, दुसरं बोट." दहाही बोटं झाली. मग त्यानं ओलं फडकं दिलं, मग कोरडं, आणि शेवटी म्हणालं, रेघा झिजल्यात, उद्या या.

बाहेर आल्यावर तिनं दोन्ही हात उन्हात धरून बघितले. म्हणाली, "खडीनं गेल्या."

म्हातारपणी कुणाच्याही बोटांच्या रेघा पुसट होतात, खडीची गरज नसते. बँकेत रोज बघत होतो. पण ते मी तिला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी तिला घेऊन गेली, थोडं गोडंतेल काढलं आणि जिजीच्या अंगठ्याला चोळलं. हिरवा दिवा लागला.