तिसऱ्या क्वार्टरबॅकची खुर्ची

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकन फुटबॉलच्या संघात एक जागा अशी आहे, की जिच्यावर एका वेळी एकच माणूस उभा राहू शकतो आणि तरीही तिच्यासाठी संघ दोन, तीन, प्रसंगी चार माणसे सांभाळतो. ती जागा क्वार्टरबॅकची. या खेळाचे सामने आपण दूरचित्रवाणीवर थोडेफार पाहिले असतील असे मी धरून चालतो, त्यामुळे मैदानाची लांबी, टचडाउनचे गुण वगैरे गोष्टींत वेळ घालवत नाही. प्रश्न एवढाच घेऊ या, की या दोन-तीन माणसांमध्ये कामाची वाटणी होते कशी.

क्वार्टरबॅकने चेंडू फेकायचा असतो हे सर्वांना ठाऊक असते, परंतु त्याचे अर्धे काम चेंडू हातात येण्यापूर्वीच संपलेले असते. १९९४ पासून त्याच्या शिरस्त्राणात एक छोटा रेडिओ बसवलेला असतो, त्यातून प्रशिक्षक पुढची चाल सांगतात, आणि चाल सुरू करण्याच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो. त्यानंतर समोरच्या बचावाची मांडणी वाचणे, गरज पडल्यास चाल बदलणे आणि उरलेल्या दहा सहकाऱ्यांना ते कळवणे ही त्याची एकट्याची जबाबदारी असते. ही जबाबदारी पुस्तक वाचून पेलता येत नाही. त्यासाठी त्या आठवड्यातल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या ठरावीक चाली प्रत्यक्ष करून पाहाव्या लागतात.

खरी अडचण इथेच येते. आठवड्यातले सरावाचे दिवस मोजके, त्यातली सत्रे मोजक्या वेळेची आणि माणसाचा खांदाही मोजक्याच फेकींचा. म्हणून पहिल्या क्वार्टरबॅकला त्या आठवड्याच्या बहुतेक साऱ्या चाली मिळतात. दुसरा क्वार्टरबॅक स्वतःच्या संघाच्या चाली फारशा करत नाही. तो येत्या सामन्यातील प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकचे सोंग घेऊन आपल्याच बचावफळीपुढे उभा राहतो, जेणेकरून बचावफळीला त्या परक्या माणसाच्या सवयी कळाव्यात. तिसरा बाजूला उभा राहून दोघांकडे पाहतो. पहिल्याने खेळायचे, दुसऱ्याने सोंग घ्यायचे आणि तिसऱ्याने पाहायचे, अशी ही वाटणी असते. म्हणजेच, क्वार्टरबॅकच्या भूमिकांची वाटणी ही मुळात सरावाच्या वेळेची वाटणी आहे. संघ वर्तमानपत्रांसाठी जो क्रमवारीचा तक्ता प्रसिद्ध करतात, त्यावर मी स्वतः फारसा विश्वास ठेवत नाही; बुधवारच्या सरावात कोणी किती चाली घेतल्या हे ज्याने पाहिले, त्याला खरा क्रम कळलेला असतो. जाता जाता सांगतो, रविवारी खेळून पुन्हा गुरुवारी रात्री सामना ठेवण्याची जी पद्धत एनएफएल या व्यावसायिक लीगने पैशासाठी रूढ केली आहे, ती मला याच कारणासाठी पटत नाही, कारण त्या आठवड्यात पहिल्यालाच पुरेसा सराव मिळत नाही, मग दुसऱ्याची गोष्ट कशाला काढावी!

आता मला जी हकीकत सांगायची आहे तिच्याकडे येतो. ही हकीकत सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स या संघाची आहे. नाव सॅन फ्रान्सिस्कोचे असले तरी २०१४ पासून त्यांचे मैदान सँटा क्लॅराला आहे, आणि तिकडे सनीवेल, सॅन होजे या पट्ट्यात आपली मराठी कुटुंबे पुष्कळ असल्यामुळे ज्यांची मुले-नातवंडे त्या भागात आहेत अशा श्रोत्यांनी हे नाव घरात ऐकलेले असण्याचा संभव आहे.

२०२१ मध्ये या संघाने ट्रे लान्स नावाचा तरुण क्वार्टरबॅक निवडला. महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत तिसरा क्रमांक मिळावा म्हणून संघाने पहिल्या फेरीतल्या आपल्या तीन निवडी, म्हणजे खेळाडू निवडण्याचे हक्क, आणि शिवाय तिसऱ्या फेरीतली एक, मायामीच्या संघाला देऊन टाकल्या. तीन वर्षांचे भविष्य एका माणसासाठी गहाण टाकले, असे म्हटले तरी चालेल. आदला क्वार्टरबॅक जिमी गॅरापोलो याला २०२२ मध्ये दुसऱ्या संघाकडे पाठवायचे ठरले होते, पण त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे त्याला कोणी घेईना. मग त्या उन्हाळ्यात एक विचित्र दृश्य दिसले: लान्स मुख्य मैदानावर संघाबरोबर सराव करीत होता आणि ज्याने या संघाला दोन वर्षांपूर्वीच सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत नेले होते तो गॅरापोलो शेजारच्या मैदानावर वेगळा चेंडू फेकत होता. ऑगस्टअखेर त्याने सुमारे २.४ कोटी डॉलरच्या पगारावर पाणी सोडून ६५ लाख डॉलरच्या हमीवर दुसरा क्वार्टरबॅक म्हणून राहणे मान्य केले. या एका निर्णयामुळे आधी दुसऱ्या जागेसाठी घेतलेला नेट सडफेल्ड संघाबाहेर गेला, आणि तिसऱ्या जागेवर मात्र ब्रॉक पर्डी नावाचा मुलगा राहिला.

हा पर्डी कोण, तर त्या वर्षी निवडल्या गेलेल्या २६२ खेळाडूंपैकी २६२ वा. शेवटच्या निवडीला अमेरिकेत ‘मिस्टर इरेलेव्हंट’ ही थट्टेची पदवी देऊन तिचा सोहळा करतात. ज्याची आयुष्यभराची मेहनत नुकतीच फळाला आली आहे त्याची अशी थट्टा करणे मला कधीच आवडलेले नाही, पण ते असो.

तर क्रम असा होता: लान्स पहिला, गॅरापोलो दुसरा, पर्डी तिसरा. पुन्हा सांगतो, लान्स, गॅरापोलो, पर्डी, कारण पुढच्या पाच महिन्यांत हा क्रम मुळापासून ढवळून निघाला. १८ सप्टेंबर २०२२ रोजी, हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात, सिअॅटलविरुद्ध लान्सचा घोटा मोडला आणि तो वर्षभरासाठी बाहेर गेला. गॅरापोलो पहिला झाला आणि पर्डी दुसरा. आता वाटणी आठवा: दुसऱ्याने सोंग घ्यायचे. पर्डी आठवड्यामागून आठवडे प्रतिस्पर्ध्यांच्या क्वार्टरबॅकचे सोंग घेऊन निक बोसा आणि फ्रेड वॉर्नर यांच्या बचावफळीपुढे उभा राहिला. त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत कमी गुण देणारी बचावफळी हीच होती. ज्याला सामन्यात क्वचितच एखादी चाल मिळत होती, त्याला सरावात लीगमधली सर्वांत कठीण परीक्षा दररोज द्यावी लागत होती, आणि माझ्या मते त्याच्या पुढच्या यशाचे कारण निवडीच्या क्रमांकांपेक्षा या सोंगात अधिक सापडते.

४ डिसेंबरला मायामीविरुद्ध गॅरापोलोचे पाऊल मोडले. पर्डी मैदानात उतरला आणि संघ ३३-१७ असा जिंकला. पुढच्या रविवारी त्याने प्रथमच सामन्याची सुरुवात केली, समोर टॉम ब्रेडीचा टँपा बे संघ, आणि निकाल ३५-७. त्यानंतर तो हरेचना. साखळीतले उरलेले सर्व सामने जिंकून झाले, मग बाद फेरीत सिअॅटल, मग डॅलस. संघाच्या सलग विजयांची संख्या बारावर गेली. या काळात रिकाम्या झालेल्या दुसऱ्या जागेसाठी संघाने डेन्व्हरच्या राखीव तुकडीतून जॉश जॉन्सनला आणले. हा ३६ वर्षांचा गृहस्थ तोवर इतक्या संघांत राहून आला होता, की चौदा वेगवेगळ्या संघांचा विक्रम त्याच्या नावावर लागला आहे. आठवड्याभरात नव्या संघाची भाषा शिकून, दुसऱ्याच्या सावलीत उभे राहणे हेच ज्याचे आयुष्यभराचे काम, असा तो माणूस. दूरचित्रवाणीचे कॅमेरे सामनाभर प्रशिक्षकांच्या चेहऱ्यावर रोखलेले असतात. त्यांनी कधीतरी कानाला यंत्र लावून प्रत्येक चाल मनात खेळणाऱ्या अशा दुसऱ्या क्वार्टरबॅकवरही थोडा वेळ थांबावे, अशी माझी जुनी तक्रार आहे.

पहिला पर्डी, दुसरा जॉन्सन. आणि तिसरा? तिसरा कोणीच नव्हता. लान्स आणि गॅरापोलो दोघेही जायबंदी होते. संघाच्या यादीत ५३ नावे असली तरी सामन्याच्या दिवशी जास्तीत जास्त ४८ खेळाडूंनाच गणवेश चढवता येत असे, त्यामुळे क्वचितच वापरल्या जाणाऱ्या तिसऱ्या क्वार्टरबॅकवर त्यातली जागा खर्च करणे बहुतेक संघांना परवडत नव्हते. तिसरी खुर्ची रिकामी ठेवणे हा त्या काळात सर्वमान्य शिरस्ता होता.

२९ जानेवारी २०२३, फिलाडेल्फिया. सुपर बोलच्या आधीचा शेवटचा सामना, समोर यजमान ईगल्स. फोर्टीनायनर्सच्या पहिल्याच आक्रमणात पर्डी चेंडू फेकण्यासाठी हात मागे नेत असताना ईगल्सचा हसॉन रेडिक मागून येऊन त्याच्या हातावर आदळला. कोपराचा अस्थिबंध फाटला. जॉन्सन आला. ख्रिश्चन मॅकाफ्रीने चेंडू घेऊन धावत २३ यार्डांचा टचडाउन केला आणि ७-७ अशी बरोबरी झाली, तेव्हा क्षणभर वाटले की निभावेल. पण मध्यंतराच्या जरा आधी जॉन्सनच्या हातून चेंडू सटकला, ईगल्सने त्याचा पुरता फायदा घेतला आणि मध्यंतराला गुण झाले २१-७. तिसऱ्या सत्राच्या आरंभी जॉन्सन खाली कोसळला, त्याचे डोके जमिनीवर आपटले आणि वैद्यकीय नियमानुसार त्याला परत खेळण्यास मनाई झाली.

आता संघाकडे क्वार्टरबॅक उरला नव्हता. ज्याला चेंडू धड फेकता येत नव्हता त्या पर्डीलाच पुन्हा उभे करण्यात आले. तो चेंडू घेऊन धावपटूच्या हातात देऊ शकत होता आणि अगदीच जवळचा पास टाकू शकत होता, यापलीकडे काही नाही. हे समोरच्या ईगल्सना ठाऊक झाले, त्यांनी बचाव पुढे ओढला, आणि उरलेला सामना म्हणजे एका बलाढ्य संघाने हात बांधून लढावे असा प्रकार झाला. त्या संपूर्ण सामन्यात पर्डीच्या नावावर चार पास आहेत. चारही पूर्ण, एकूण यार्ड २३. निकाल ३१-७.

या ठिकाणी क्रिकेटरसिकांना यष्टिरक्षक आठवल्याशिवाय राहणार नाही. यष्टिरक्षक जायबंदी झाला की पूर्वी अकरातल्याच कोणाला तरी हातमोजे चढवावे लागत, कारण बदली खेळाडूला यष्टिरक्षण करण्याची मुभा नव्हती. २०१७ च्या नव्या नियमावलीने पंचांच्या संमतीने ती दिली. अमेरिकन फुटबॉलनेही असेच केले, परंतु त्याचा मार्ग अधिक वळणाचा आहे, कारण ही मुभा तिथे पूर्वी होती आणि ती काढून टाकण्यात आली होती.

२०१० च्या हंगामापर्यंत सामन्याच्या यादीबाहेर एक तिसरा क्वार्टरबॅक ठेवता येत असे. अट एकच होती: चौथ्या, म्हणजे शेवटच्या, सत्रापूर्वी तो मैदानात उतरला, तर पहिले दोघे पुन्हा खेळू शकत नसत. जानेवारी २०११ मध्ये ग्रीन बेविरुद्ध शिकागोवर ही वेळ आली होती. जे कटलर जायबंदी झाला, टॉड कॉलिन्सला काही जमेना, आणि तिसरे सत्र संपायला मिनिटभर असताना प्रशिक्षकांनी केलेब हेनी या तिसऱ्याला पाठवले, म्हणजे परतीचे दोर स्वतःच कापले. हेनीने सामना २१-१४ पर्यंत खेचला, तरी शिकागो हरलेच. त्याच वर्षी लीगने सामन्याची यादी ४५ वरून ४६ वर नेली आणि तिसऱ्या क्वार्टरबॅकची खास सवलत रद्द केली. वाढलेली जागा संघांनी क्वार्टरबॅकला द्यावी अशी अपेक्षा होती की नाही कोण जाणे. बहुतेक संघांनी ती क्वार्टरबॅकऐवजी इतर खेळाडूंना दिली, आणि ते स्वाभाविकच होते.

फिलाडेल्फियातील त्या सामन्यानंतर चार महिन्यांच्या आत, मे २०२३ मध्ये, संघमालकांनी सवलत परत आणली. २०२३ च्या त्या नियमानुसार ५३ जणांच्या यादीतला एक क्वार्टरबॅक सामन्याच्या यादीबाहेर, पण गणवेशात तयार ठेवता येत होता. पहिले दोघे दुखापतीमुळे किंवा पंचांनी बाहेर काढल्यामुळे खेळू शकत नसतील तरच तो उतरतो. प्रशिक्षकांना दुसऱ्याचा खेळ आवडला नाही म्हणून त्याला पाठवता येत नाही. आणि दोघांपैकी एकाला डॉक्टरांनी खेळण्याची परवानगी दिली, की तिसऱ्याने बाहेर यायचे. २०१० पर्यंतची जाचक अट परत आली नाही, हे मला विशेष योग्य वाटते, कारण त्या अटीमुळे प्रशिक्षकांना दुखापतीपेक्षा घड्याळाचाच विचार अधिक करावा लागत असे.

पर्डीच्या कोपरावर मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमध्ये पिट्सबर्गला झालेल्या पहिल्या सामन्यात तो पहिल्या जागेवर होता; तेही वर्षाला दहा लाख डॉलरहून कमी मूळ पगारावर. दुसरी जागा सॅम डार्नल्डला मिळाली. ज्याच्यासाठी तीन वर्षांच्या निवडी दिल्या होत्या त्या ट्रे लान्सला, दुसरी जागा न मिळाल्यामुळे, ऑगस्टमध्येच चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात डॅलसकडे पाठवण्यात आले होते. आणि तिसऱ्या खुर्चीवर, यादीबाहेर परंतु गणवेशात, ब्रँडन अॅलन बसू लागला.