टाकीतला माल कुठवर आला, हे कळते कसे?

श्रोतेहो, नमस्कार. कारखान्यांतल्या टाक्यांमध्ये द्रव आणि सायलोंमध्ये, म्हणजे उंच कोठारांमध्ये, भुकटी किंवा दाणेदार माल कुठपर्यंत भरला आहे, हे कसे मोजतात, याविषयी आज मी बोलणार आहे. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर आकडा दिसला की पातळी मोजली गेली असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बहुतेक उपकरणे दाब, वजन, उत्प्लावक बल किंवा प्रतिध्वनीला लागलेला वेळ मोजतात आणि त्यावरून पातळीचा हिशेब मांडतात. त्या हिशेबात काय गृहीत धरले आहे हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच उपकरण कुठे फसेल याचा अंदाज आधी येतो.

पातळी थेट दाखवणाऱ्या पद्धती मोजक्या आहेत. वजन लावलेली पोलादी मोजपट्टी वरून सोडून ती कुठपर्यंत भिजली ते पाहणे, किंवा टाकीच्या बाजूला जोडलेल्या काचनळीत द्रव डोळ्यांनी पाहणे, या पद्धती जुन्या असल्या तरी नव्या उपकरणांची खातरजमा करण्यासाठी आजही त्यांचाच आधार घेतला जातो.

सर्वांत रुळलेली पद्धत तळाशी येणाऱ्या दाबाची. पाण्याचा 10 मीटर उंचीचा स्तंभ तळावर सुमारे 98 किलोपास्कल दाब देतो. त्याच टाकीत पाण्याऐवजी 0.83 सापेक्ष घनतेचे डिझेल तितक्याच उंचीपर्यंत भरले, तर दाब सुमारे 81 किलोपास्कल होतो आणि पाण्यासाठी बसवलेला ट्रान्समीटर, म्हणजे दाब मोजून आकडा पाठवणारे उपकरण, 10 मीटरऐवजी 8.3 मीटर दाखवतो. उपकरण बिघडलेले नसते, त्याला दिलेली घनता चुकीची असते. टाकी बंद असेल, तर द्रवावरच्या वायूचा दाबही वजा करावा लागतो.

घनतेची ही बाब किती गंभीर ठरू शकते, हे अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात 23 मार्च 2005 रोजी दिसले. तिथल्या द्रवाचे घटक वेगळे करणाऱ्या एका उंच मनोऱ्याच्या तळाशी डिस्प्लेसर प्रकारचे उपकरण होते. यात एक जड नळकांडे द्रवात अंशतः बुडालेले असते आणि आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार त्याचे वजन जितके कमी भासेल, तितकी पातळी वर धरली जाते. नळकांडे पूर्ण बुडाल्यानंतर मात्र द्रव आणखी कितीही चढला तरी उत्प्लावक बल वाढत नाही. ते केवळ घनतेवर अवलंबून राहते. मनोऱ्यातला द्रव तापत गेला, त्याची घनता कमी झाली, आणि प्रत्यक्षात पातळी कित्येक मीटर वर चढत असताना पडद्यावरचा आकडा हळूहळू उतरत होता. शेवटी द्रव मनोऱ्याच्या माथ्यातून बाहेर पडला, स्फोट झाला आणि 15 कामगारांचा जीव गेला. खाली येणारा आकडा पाहून मनोरा भरत चालला आहे अशी शंका कोणाला यावी? म्हणूनच आत किती सोडले आणि बाहेर किती काढले, याचा ताळा पातळीच्या आकड्याशी जुळवून पाहणे मला अत्यंत आवश्यक वाटते.

द्रवाला स्पर्श न करणाऱ्या उपकरणांत अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरी वापरणारे) आणि रडार (रेडिओ लहरी वापरणारे) ही दोन प्रमुख आहेत. दोन्ही वरून लहरी सोडतात आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतात. ध्वनीचा वेग 20 अंश सेल्सिअसच्या हवेत सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो आणि दर अंशाला सुमारे 0.6 मीटरने बदलतो. टाकीत हवेऐवजी दुसरीच वाफ साचली, तर हा हिशेबच कोलमडतो. रडार लहरींना तापमानाचा आणि वाफेचा फारसा फरक पडत नाही, मात्र 1 मीटर अंतर जाऊन परत यायला त्यांना जेमतेम 6.7 नॅनोसेकंद लागतात, त्यामुळे वेळ फार काटेकोरपणे मोजावा लागतो. पाण्यावरून रडारचा प्रतिध्वनी जोरकस येतो, तेलावरून क्षीण. जाड फेस असेल, तर दोन्ही पद्धती अडखळतात.

घन मालाची गोष्ट मात्र निराळी आहे, कारण तो सपाट पातळी धरतच नाही. भरताना मध्यभागी ढीग होतो आणि खालून काढताना तिथेच खड्डा पडतो, त्यामुळे एका बिंदूवरचे मोजमाप अचूक असूनही एकूण मालाचा अंदाज चुकतो. कधी माल कमानीसारखा अडकून राहतो आणि त्याखाली पोकळी तयार होते. वरून पाहणारे रडार सायलो भरलेला दाखवते, खाली मात्र काहीच उतरत नसते. अशा ठिकाणी सायलोच्या पायांखाली लोड सेल, म्हणजे वजन मोजणारे संवेदक, बसवून वजनच घेणे मला अधिक भरवशाचे वाटते, अर्थात जोडलेल्या नळांचा ताण त्यांच्यावर येता कामा नये. आत काहीच बसवता येणार नाही इतक्या तप्त किंवा संक्षारक पात्रांसाठी सीझियम-137 या किरणोत्सर्गी पदार्थाचे गॅमा किरण भिंतीतून आरपार पाठवून मोजणी करतात.

टाकी ओसंडू नये यासाठी मुख्य मोजणीपासून पूर्णपणे स्वतंत्र असा उच्च पातळीचा स्विच बसवला जातो. इंग्लंडमधील बन्सफील्ड येथील इंधनसाठ्यात 11 डिसेंबर 2005 च्या पहाटे पेट्रोलच्या एका टाकीचा मोजणी-आकडा एका जागी अडकला आणि भरणे चालूच राहिले. स्वतंत्र स्विच तिथे होता, पण त्याची चाचणी घेण्याचा दांडा योग्य स्थितीत पक्का करणारे कुलूप लावलेले नसल्याने तो निकामी ठरला. चाचणीनंतर दांडा आपल्या जागी परत आला आणि त्याला कुलूप लागले, याची नोंद होईपर्यंत चाचणी पूर्ण झाली असे धरू नये. नमस्कार.