वस्तीच्या हाती बंदूक दिली तर?

[दृश्य: ह्यूस्टन शहर, वरून. मग ओक फॉरेस्ट भागातल्या घरांच्या रांगा.]

सन २०१३. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातलं ह्यूस्टन शहर. काइल कोप्लेन या विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणाने इथे ‘आर्म्ड सिटिझन प्रोजेक्ट’ नावाचा उपक्रम सुरू केला. योजना अगदी सरळ होती. जिथे चोऱ्या जास्त, तिथल्या रहिवाशांना बंदूक फुकट द्यायची. आधी माणसाची पार्श्वभूमी तपासायची, मग बंदूक चालवायला शिकवायचं आणि शेवटी त्याच्या हाती एका वेळी एकच काडतूस उडवणारी २० गेजची साधी शॉटगन द्यायची. एकट्या राहणाऱ्या स्त्रियांचा त्यात खास विचार होता. सुरुवात ओक फॉरेस्ट भागात झाली. पुढे ॲरिझोनातल्या टुसॉन शहरातही तीच कल्पना मांडली गेली.

यामागचा हिशेब असा, की कुठल्या दारामागे बंदूक असेल याचा भरवसा नसला तर चोर त्या गल्लीत शिरणारच नाही.

हा विचार झटकून टाकता येत नाही. तो कुठून येतो, हे आधी पाहायला हवं.

[दृश्य: डेट्रॉइट. रात्र. विझलेल्या दिव्यांचे खांब.]

त्याच वर्षी डेट्रॉइट शहर दिवाळखोरीत निघालं. त्या वेळच्या अहवालात नोंद आहे, की मदतीसाठी फोन केल्यावर पोलीस पोहोचायला सरासरी ५८ मिनिटं लागत. शहरातले सुमारे ४० टक्के पथदिवे बंद होते. घराचं दार कोणीतरी तोडत असताना ५८ मिनिटं म्हणजे काय, याची कल्पना करा.

आणि पोलीस आलेच नाहीत तर? कोलोरॅडोतल्या कॅसल रॉक गावी एका आईने रात्रभर पोलिसांना पुन्हा पुन्हा विनवलं, की मनाई हुकूम असलेला नवरा तिन्ही मुलींना घेऊन गेलाय, त्याला शोधा. पोलिसांनी हालचाल केली नाही. तिन्ही मुली मारल्या गेल्या. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. २००५ साली न्यायालयाने ठरवलं, की पोलिसांनी तो हुकूम बजावलाच पाहिजे असा घटनात्मक हक्क तिला नाही. हे वाचलेल्या माणसाला ‘बंदूक घेऊ नकोस’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

डेट्रॉइटचे तेव्हाचे पोलीस प्रमुख जेम्स क्रेग यांनी तर उघडच सांगितलं, की कायद्याने वागणाऱ्या नागरिकांकडे शस्त्र असलं की गुन्हेगार बिचकतात. आधी ते मेन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये पोलीस प्रमुख होते. तिथे बंदूक सोबत बाळगायचे परवाने सढळ मिळतात आणि गुन्हे कमी होतात, हे पाहून आपलं मत बदललं, असं ते म्हणाले. क्रेग यांचा पोलीस खात्यातला अनुभव मोठा आहे. पण हा दाखला मला पटत नाही. पोर्टलंड हे सत्तर हजारांच्या आतलं शहर. तिथे कारखाने बंद पडून निम्म्या गल्ल्या ओस पडलेल्या नाहीत. तिथल्या शांततेचं श्रेय बंदुकीला देण्याआधी बाकीच्या गोष्टी बाजूला काढाव्या लागतील.

शिकागोतल्या मॉर्गन पार्क भागातले ओटिस मॅकडोनाल्ड यांची गोष्ट मात्र मला फार जवळची वाटते. वय ७६, निवृत्त. घर अनेकदा फोडलं गेलं. आसपास टोळ्यांची ये-जा. शिकागोत १९८२पासून पिस्तूल बाळगायला बंदी होती. शिकारीच्या शॉटगन त्यांच्याकडे होत्या, पण घरात झटापटीच्या वेळी लांब बंदूक कामाची नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते शहराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात लढले आणि जून २०१०मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी जिंकले. त्यांची भीती खरी होती. त्या भीतीवर उपाय मागणंही चुकीचं नव्हतं.

फक्त, एका घराला धीर मिळणं आणि सगळा मोहल्ला सुरक्षित होणं, या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. आपला प्रश्न दुसऱ्या गोष्टीचा आहे.

[दृश्य: साठच्या दशकातलं फ्लोरिडा, कृष्णधवल छायाचित्रं.]

या बाबतीत सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं उदाहरण ऑर्लँडोचं. १९६६ साली तिथे बलात्कारांच्या घटना वाढल्या. घाबरलेल्या स्त्रिया बंदुका विकत घेऊ लागल्या. तेव्हा पोलिसांनी आणि स्थानिक वर्तमानपत्राने मिळून प्रशिक्षण वर्ग भरवले. ऑक्टोबर १९६६ ते मार्च १९६७ या काळात अडीच हजारांहून जास्त स्त्रिया नेमबाजी शिकल्या. त्याची ठळक प्रसिद्धी झाली. १९६७ साली बलात्काराच्या नोंदी सुमारे ८८ टक्क्यांनी खाली आल्या.

आकडा असा आहे, की ऐकणाऱ्याला पुढे काही विचारावंसं वाटू नये. पण संशोधकांनी विचारलं. १९९१ साली डेव्हिड मॅकडॉवल आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदी मांडून पाहिल्या. त्यात दिसलं, की ऑर्लँडोत या गुन्ह्याचे आकडे दर वर्षी मुळातच खूप वर-खाली होत होते. १९६६ हे उसळीचं वर्ष होतं आणि अशा उसळीनंतर आकडा आपोआपही खाली येतो. त्या घटीचं श्रेय वर्गांना देता येईल, असा पुरावा मिळाला नाही. त्या स्त्रियांना आत्मविश्वास मिळाला असेल, आणि त्याचं मोल मी कमी करत नाही. पण शहराचं धोरण आखायला एका वर्षाची घट पुरत नाही.

जॉर्जियातल्या केनेसॉची कथाही अशीच. १९८२ साली तिथे प्रत्येक कुटुंबप्रमुखाने बंदूक ठेवलीच पाहिजे, असा कायदा झाला. कोणावर कारवाई करायची हा त्यामागचा हेतू नव्हता. घरफोड्या घटल्याची चर्चा देशभर झाली. १९८९च्या अभ्यासात महिनावार आकडे तपासले, तेव्हा ती घट सापडली नाही. शिवाय केनेसॉ तेव्हा पाच हजार वस्तीचं उपनगर होतं.

[दृश्य: रिकामं घर. दुपारची वेळ.]

आता बंदूक घरात आल्यावर तिचं काय होतं, तेही पाहू. अमेरिकेतल्या दहा घरफोड्यांपैकी सात घरात कोणी नसताना होतात. मालक कामावर, शॉटगन कपाटात. चोराला ती घाबरवत नाही. उलट ती सहज विकली जाणारी, चांगले पैसे देणारी वस्तू आहे. फिलिप कुक आणि जेन्स लुडविग या संशोधकांनी दाखवलं, की जिथे घरोघरी बंदुका जास्त, तिथे घरफोड्या कमी नव्हत्या, थोड्या जास्तच होत्या. २०१७च्या एका अंदाजानुसार अमेरिकेत वर्षाला सुमारे ३ लाख ८० हजार बंदुका चोरीला जातात. त्यांतल्या कितीतरी याच वस्त्यांतल्या रस्त्यांवर फिरत राहतात.

एकट्या स्त्रीच्या रक्षणासाठी दिलेली बंदूक तिच्या घरात पुढे कोण राहायला येईल ते ठरवू शकत नाही. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लाखो लोकांच्या नोंदी तपासल्या. २०२२ साली निष्कर्ष आला: पिस्तूल असलेल्या माणसासोबत राहणाऱ्यांचा खून होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त. जोडीदाराकडून गोळी घातली जाण्याचं प्रमाण सुमारे सातपट, आणि त्यातल्या बहुतेक बळी स्त्रिया. आत्महत्यांचा हिशेब वेगळाच. २०२१ साली देशात बंदुकीने ४८,८३० जीव गेले. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. ज्या घरात बेकारी आहे, कर्ज आहे, निराशा आहे, तिथे बंदूक फुकट पोहोचवताना मला तर याचीच धास्ती वाटेल.

[दृश्य: फिलाडेल्फिया. कचऱ्याने भरलेला मोकळा भूखंड, मग तोच साफ केलेला.]

मग शहराने करायचं काय? फिलाडेल्फियात ५४१ ओसाड भूखंड घेतले. कोणते साफ करायचे आणि कोणते तसेच ठेवायचे, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. कचरा उचलला, गवत आणि थोडी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं. एका भूखंडाचा खर्च सुमारे १,६०० डॉलर. दारिद्र्यरेषेखालच्या भागांत बंदुकीचा हिंसाचार २९ टक्क्यांनी घटला. कारणही समजण्यासारखं आहे. अशा जागी उंच गवतात, पडक्या गाड्यांत बंदुका लपवल्या जात. ती जागाच उरली नाही आणि शेजारी पुन्हा बाहेर येऊन बसू लागले.

न्यूयॉर्कने २०१६ साली सरकारी गृहसंकुलांत असेच काही ठिकाणी झगझगीत दिवे उभे केले. तिथे रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाले.

आणि मॅकडोनाल्ड यांच्याच शिकागोत, २०१२च्या उन्हाळ्यात, सर्वाधिक हिंसाचाराच्या भागांतल्या १,६३४ शाळकरी मुलामुलींमधून सोडतीने काहींना आठ आठवड्यांची नोकरी दिली गेली. किमान वेतन आणि सोबत एक मोठं माणूस मार्गदर्शनाला. पुढच्या सोळा महिन्यांत या मुलांना हिंसक गुन्ह्यांसाठी झालेल्या अटका इतरांच्या तुलनेत ४३ टक्क्यांनी कमी होत्या. यातली बरीचशी घट नोकरीचे आठ आठवडे संपल्यानंतर दिसली. म्हणजे मुलं दिवसभर कामात अडकली होती, एवढ्याने तिचा उलगडा होत नाही.