कॉनच्या दारातली लाइन आणि बाबांचं सर्टिफिकेट

नमस्कार मंडळी. मास्कबद्दल बोलणार म्हटल्यावर अर्ध्या लोकांनी आवाज बारीक केला असणार, मला माहितीये. करू नका. आज कॉनबद्दल बोलायचंय, म्हणजे ती अ‍ॅनिमे (जपानी कार्टूनपट), कॉमिक्स, गेम्सच्या वेड्यांची संमेलनं, आपली पोरं वर्षभर पैसे साठवून, वेष शिवून जिथे जातात ती. हजारो माणसं एका छताखाली, तीन तीन दिवस. कोव्हिडात तिथे नियम काय असावेत यावरनं जी भांडणं झाली ती मी इथे अमेरिकेत, न्यू जर्सीत बसून बघितलीत, आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: सगळे दारातल्या नियमावर भांडले, आतल्या हवेवर फार थोडे बोलले. परत सांगते. भांडण दारावर, आणि आजार हवेत.

आता कॉनला जाऊन आजारी पडणं ही काही कोव्हिडची देणगी नाही. घरी आल्यावर आठवडाभर खोकला, त्याला हे लोक कॉन क्रड म्हणतात आणि वर हसतात. 2009 मध्ये सिएटलला पॅक्स नावाचं गेमवाल्यांचं मोठं कॉन झालं, तिथनं स्वाइन फ्लू घेऊन शंभरेक माणसं घरी गेली. त्याच्या आदल्याच महिन्यात आपल्या पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला होता, आणि अख्खं शहर तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं, आठवतंय ना? (पुण्याच्या मुलींचा तो डोळे सोडून सगळा चेहरा गुंडाळणारा स्कार्फ, त्याची किती टिंगल केली लोकांनी, आता बोला.)

2020 ला मग सगळंच बंद. सॅन डिएगोचं कॉमिक-कॉन पन्नास वर्षांत पहिल्यांदा रद्द झालं, दुसऱ्या वर्षीचा जुलैही ऑनलाइनच. टोकियोचं कॉमिकेट, म्हणजे कॉमिक्सचा बाजार, जिथे एरवी लाखांनी माणसं येतात, ते 2021 च्या डिसेंबरअखेर परत भरलं तेव्हा दिवसाला 55,000 ची मर्यादा होती. आपल्या इथल्या मराठी लोकांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं 2021 चं अधिवेशनसुद्धा 2022 वर गेलं, अटलांटिक सिटीला. म्हणजे वडा-सांबाराची लाइन आणि ड्रॅगनच्या पंखांची लाइन, दोन्हीकडे प्रश्न एकच.

मग नोव्हेंबर 2021, 19 ते 21, न्यूयॉर्कच्या जॅव्हिट्स सेंटरला अ‍ॅनिमे एनवायसी. साधारण 53,000 माणसं. लसीचा निदान एक डोस हवा, आत मास्क हवा. सगळं नीट पार पडलं, आणि डिसेंबर उजाडताच बातमी, की मिनेसोटाहून आलेल्या एका माणसाला ओमिक्रॉन, म्हणजे कोव्हिडचा तेव्हाचा नवा प्रकार, निघालाय आणि तो या कॉनला येऊन गेलाय. अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या केसेसपैकी एक. झालं, एका बाजूचे म्हणायला लागले बघा, लस, मास्क सगळं करून काय झालं, आणि दुसऱ्या बाजूचे म्हणाले, अजून कडक करा.

आणि नेमकं त्याच महिन्यात माझ्या लेकीला एका लहानशा कॉनला जायचं होतं. नाव सांगत नाही, जर्सीतलंच. तिकिटं आधी काढलेली, पैसे परत मिळणार नव्हते. आणि माझे बाबा तेव्हा सांगलीहून आलेले. अमेरिकेनं 8 नोव्हेंबरला लस घेतलेल्यांसाठी दार उघडलं, आणि बाबा जवळजवळ पहिल्याच विमानात. बाबा म्हणजे एसटीतनं रिटायर झालेले, आयुष्य स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेलं, दिवाळीची गर्दी, यात्रेची गर्दी, त्यांना गर्दी बघितली की माणूस तरतरीत होतो तसं होतं. म्हणाले, नातीबरोबर मी पण येतो.

लेकीचा वेष कुठला, तर प्लेगच्या काळातले ते युरोपातले डॉक्टर, लांब चोचीचा मुखवटा घालायचे, तो. चोच पुठ्ठ्याची, वर काळं रेक्झिन, आतनं शिलाई आजोबांनी करून दिलेली, दाभणानं. दारात पहिलं काय झालं, तर तिला सांगितलं, हा मास्क चालणार नाही. वेषातला मुखवटा मास्क म्हणून धरत नाही, खाली खरा मास्क पाहिजे. म्हणजे साक्षात प्लेगच्या डॉक्टरला मास्क नाही म्हणून अडवलं! तिनं गुपचूप चोच काढली, खिशातनं निळा मास्क काढून लावला, परत चोच चढवली. आतनं श्वास कसा घेत होती देव जाणे.

मग बाबांची पाळी. बाबांनी कोविनचं सर्टिफिकेट सांगलीतच प्रिंट काढून, वर लॅमिनेट करून आणलेलं, शर्टाच्या खिशात, पासपोर्टबरोबर. दारावर एक निळ्या केसांचा पोरगा, स्वयंसेवक, गोड होता हो पोरगा. त्यानं कागद घेतला, खाली फोटो बघितला, वर बाबांकडे बघितलं. परत फोटो. परत बाबा. आता तुम्हाला माहितीये त्या सर्टिफिकेटवर फोटो कुणाचा असायचा. पांढरी दाढी. आणि माझे बाबा गुळगुळीत दाढी केलेले, डोक्यावर चंद्र.

पोरगा अगदी अदबीनं विचारतो, सर, तुम्ही दाढी काढलीत का?

बाबांना कळेना. मला म्हणाले, काय म्हणतंय गं हे? मी सांगितलं. तर बाबा त्या लाइनमध्ये, मागे एक पुठ्ठ्याचा रोबो, त्याच्यामागे दोन मांजरी, असे सगळे उभे असताना, खणखणीत आवाजात म्हणाले, "अहो, दे आर अवर प्राइम मिनिस्टर!" आदरार्थी बहुवचन इंग्रजीतसुद्धा सोडलं नाही. पोरगा आणखी गोंधळला. विचारतो, म्हणजे तुम्हाला लस प्राइम मिनिस्टरनी दिली? बाबा म्हणाले, नाही नाही, विश्रामबागला एका सिस्टरनी दिली, हात हलका होता तिचा.

मला हसू आवरेना, लेक चोचीच्या आत लाजून मेली, आणि मागनं रोबो विचारतोय, एनी प्रॉब्लेम?

मग क्यूआर कोड. त्यांच्या मोबाईलवर तो वाचता येईना, तिथलं अ‍ॅप न्यूयॉर्क-जर्सीच्या कोडवर चालायचं. मोठ्या बाईंना बोलावलं. त्यांनी पासपोर्ट मागितला, नाव जुळवलं, तर पासपोर्टात आडनावात एक 'ए' जास्त. जन्मसाल जुळलं, दोन डोसांच्या तारखा बघितल्या, आणि सोडलं. या सगळ्यात लाइन पार पार्किंगपर्यंत गेलेली, डिसेंबरची थंडी, पोरं उघड्या दंडांनी परीचे पंख लावून कुडकुडतायत.

बाबा आत गेलेच नाहीत. उलटे फिरले आणि त्या बाईंना म्हणाले, मॅडम, वन लाइन राँग. कागदवाले एकीकडे, मोबाईलवाले एकीकडे. मोबाईलवाल्याला पाच सेकंद लागतात, तो माझ्यासारख्याच्या मागे कशाला उभा? मी भाषांतर केलं. त्या बाईंनी क्षणभर बघितलं आणि खरंच एक दोर लावून दोन लाइनी केल्या. बाबा पुढची काही मिनिटं तिथेच उभे, हातानं "पेपर दिस साइड, मोबाईल दॅट साइड", जसा काय मिरजेचा फलाट. रोबोनं जाताना त्यांना सलाम ठोकला.

पण मला ही गोष्ट आवडते ती पुढच्या वाक्यासाठी. आत गेल्यावर बाबांनी वर बघितलं, छताकडे, सगळ्या खिडक्या बंद, आणि म्हणाले, "एवढं दारात तपासलं, पण हितं हवा कुठनं येतीय?" गाडीत माणसं खच्चून भरली की आम्ही आधी खिडक्या उघडायला लावायचो, म्हणाले. मी एकालाही तो प्रश्न विचारताना ऐकलं नव्हतं.

आता तो अ‍ॅनिमे एनवायसीचा अहवाल ऐका. सीडीसीनं, म्हणजे अमेरिकेच्या साथरोगांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, 2022 च्या फेब्रुवारीत छापला. कॉनला गेलेल्यांपैकी 4,560 जणांचे टेस्ट रिझल्ट सापडले, त्यातले पॉझिटिव्ह 119, म्हणजे 2.6 टक्के. त्यातले मोजके नमुने पूर्ण तपासले तेव्हा बहुतेक जुना डेल्टाच, ओमिक्रॉन थोडे. म्हणजे सगळ्या 53,000 मध्ये वणवा पेटला वगैरे काही नाही. पण त्या मिनेसोटाच्या माणसाच्या ओळखीचा जो तीसेक जणांचा ग्रुप, त्यातल्या टेस्ट केलेल्या 23 जणांपैकी 16 पॉझिटिव्ह. ही मंडळी कॉनबाहेरही एकत्र फिरली होती, बार, कराओके, असं सगळं. हॉलमध्ये मास्क, लस, आणि हेपा, म्हणजे बारीक कण गाळणाऱ्या फिल्टरमधनं आलेली हवा. बाहेर लस तीच, पण मास्क आणि तशी हवा यांची खात्री नाही. परत सांगते, हॉलमध्ये तीन गोष्टी एकत्र होत्या, मास्क, लस, हवा. एकेकटीवर भांडून उपयोग नाही.

तरी भांडण संपलं नाही. 2022 च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या अ‍ॅनिमे एक्स्पोनं लस किंवा टेस्टची अट काढली, चाहते असे खवळले की परत लावावी लागली. माझ्या मते चाहत्यांचं बरोबर होतं. तिकीट एका नियमावर विकायचं आणि तोंडावर आल्यावर तो बदलायचा, हे चालायचं नाही. ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी कमी झालीये त्यानं तो नियम बघूनच विमान बुक केलेलं असतं. उलट बाजूही खरी आहे, स्टॉल लावणाऱ्या चित्रकारांची दोन वर्षांची कमाई बुडालेली, त्यांना नुसतं कॉन भरायला हवं होतं, कसंही. त्यांना हावरट म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, जसा मला हॉलमध्ये पाण्याची बाटली पाच डॉलरला विकणाऱ्यांचा येतो, पण तो वेगळा विषय.

आता तुमच्या पोरांना जायचं असेल तर आयोजकांना एक मेल टाका. मास्कचं विचारूच नका, ते वेबसाइटवर असतं. हॉलची हवा तासाला किती वेळा बदलते आणि फिल्टर कुठला लावलाय, एवढं विचारा. आणि पोरांना सांगा, रात्रीच्या कराओकेच्या खोलीतही मास्क लावा, दमलात तरी.

बाबा सांगलीत ऐकतायत, दाढी अजून गुळगुळीत आहे. पुढच्या रविवारी बोलू या जर्सीतल्या बर्फात कढीपत्ता कसा जगवायचा यावर, त्यासाठी कुंड्या आत घेतल्या नसतील तर आजच घ्या.