फास्टॉल्फची जमीन कुणाची?

[दृश्य: सपाट, पाणथळ माळरान. खंदकाच्या कडेला विटांचा उंच बुरूज.]

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉरफोक परगण्यात, ग्रेट यारमथ हे हेरिंग मासळीचं जुनं बंदर. त्याच्या थोडं उत्तरेला केस्टर. तिथला हा बुरूज जवळजवळ नव्वद फूट उंच आहे आणि सगळा विटांचा आहे. पंधराव्या शतकात असा वाडा बांधायचा, तर हातात बक्कळ पैसा हवा. सर जॉन फास्टॉल्फकडे तो होता. नव्हतं ते मूलबाळ.

शेक्सपिअर वाचलेल्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. नाटकातल्या ढेरपोट्या, दारुड्या फॉल्स्टाफचं नाव याच्याच नावावरून आलं. पण साम्य तेवढ्यापुरतंच. खरा फास्टॉल्फ पै न पैचा हिशेब ठेवणारा, आणि हातात आलेलं काही न सोडणारा माणूस.

जन्म १३८०चा, इथलाच. घर खाऊनपिऊन सुखी, पण मोठ्या सरदारांच्या पंगतीला बसणारं नव्हे. १४०९मध्ये त्याने मिलिसेंट स्क्रोप या विधवेशी लग्न केलं, आणि तिला माहेरून मिळालेली विल्टशरमधली कॅसल कूमची जमीन त्याच्या हाती आली. ती त्याने मरेपर्यंत सोडली नाही.

मिलिसेंटला पहिल्या लग्नाचा एक मुलगा होता, स्टीफन. त्या काळी अल्पवयीन वारसाचं पालकत्व ही रोख विकण्याची चीज होती. ज्याच्याकडे पालकत्व, त्याच्याकडे मुलाचं लग्न ठरवण्याचा हक्क. फास्टॉल्फने हे पालकत्व देशाचे सरन्यायाधीश विल्यम गॅस्कॉइन यांना विकलं. स्टीफन त्या घरी आजारी पडला आणि जन्माचा विद्रूप झाला. पुढे त्याने लिहून ठेवलं, की सावत्र बापाने मला जनावरासारखं विकत घेतलं आणि विकलं. आणि याच स्टीफनने नंतर, गरजेपोटी, स्वतःच्या लहान मुलीचंही लग्न असंच विकलं. वर तक्रार अशी, की किंमत कमी आली! त्याला दोष देण्याआधी एवढं लक्षात घ्यावं, की हा व्यवहार तेव्हा कुणालाच वावगा वाटत नव्हता.

[दृश्य: फ्रान्सचा नकाशा. नॉर्मंडी, ओर्लेआं.]

फास्टॉल्फचा खरा पैसा मात्र फ्रान्सचा. शंभर वर्षांच्या युद्धात इंग्लिश कप्तानांना पगार मिळे, लूट मिळे, आणि सगळ्यात मोठी कमाई कैद्यांच्या खंडणीची. १४२४मध्ये व्हेर्नोयच्या लढाईत आलाँसाँचा ड्यूक पकडला गेला. त्याच्या खंडणीत फास्टॉल्फचा वाटा होता. फेब्रुवारी १४२९मध्ये ओर्लेआंला वेढा घालून बसलेल्या इंग्लिश सैन्यासाठी तो रसद घेऊन निघाला. उपासाचे दिवस, मांस वर्ज्य, म्हणून गाड्यांत हेरिंगची पिंपं. वाटेत फ्रेंचांनी गाठलं, तेव्हा त्याने गाड्यांचंच कडं केलं आणि आतून तिरंदाजी करून त्यांना पिटाळलं. इतिहासात ही ‘हेरिंगांची लढाई’. चारच महिन्यांनी पाते या गावी मात्र इंग्रजांचा धुव्वा उडाला. सेनापती टॅल्बट पकडला गेला, फास्टॉल्फ निसटला. पळपुटेपणाचा हा डाग पुसायला त्याला पुढे वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

पैसा इंग्लंडला येत होता आणि त्याची जमीन होत होती. १४४५च्या सुमारास त्याचं वार्षिक उत्पन्न चौदाशे पौंडांच्या वर होतं. वर्षाला ४० पौंड उत्पन्न असलं की नाइट व्हायला बोलावणं यायचं, यावरून अंदाज करा. पण विकत घेतलेली जमीन म्हणजे मागचे सगळे हक्कदार अंगावर घेणं. निम्मं म्हातारपण त्याचं वकिलांना पत्रं पाठवण्यात गेलं.

ती पत्रं लिहायचा विल्यम वुस्टर. हिशेब, दप्तर, जुने दाखले शोधणं, सगळं त्याच्या गळ्यात. पगाराबद्दल तो एका पत्रात कुरकुरतो, की सगळा खर्च मालकाचा आणि वर वर्षाला पाच शिलिंग, हरवलेल्या टोप्यांसाठी! मालकाला बोललो तर ते म्हणाले, तू पाद्री असतास तर बरं झालं असतं, एखाद्या चर्चचं उत्पन्न लावून दिलं असतं. म्हणजे पैसे परस्पर चर्चचे. यातला मिश्कील राग साडेपाचशे वर्षांनीही ताजा वाटतो.

आता मुद्द्याचा कायदा. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये मृत्युपत्राने जमीन देता येत नसे. ती रक्ताच्या वारसाकडेच जायची. त्यावर पळवाट अशी, की हयातीतच जमीन भरवशाच्या माणसांच्या नावे करायची आणि ‘माझ्यामागे असं असं करा’ म्हणून सांगून ठेवायचं. फास्टॉल्फने तेच केलं. विश्वस्तांत बिशप वेनफ्लीट होता, न्यायाधीश येल्व्हर्टन होता, आणि वकील जॉन पॅस्टन. पॅस्टनची बायको मार्गरेट फास्टॉल्फच्या नात्यातली. पॅस्टनचा आजा मात्र साधा नांगरधारी शेतकरी, आणि हे शेजारी विसरू देत नसत.

फास्टॉल्फची इच्छा एकच होती. केस्टरला सात धर्मगुरू आणि सात गोरगरीब कायमचे राहावेत आणि त्यांनी आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी.

[दृश्य: बुरुजातला अंधारा जिना.]

५ नोव्हेंबर १४५९ला तो वारला. पॅस्टनने सांगितलं, दोनच दिवस आधी त्यांनी तोंडी मृत्युपत्र बदललं. नॉरफोक आणि सफोकमधली सारी जमीन मला. बदल्यात मी ४,००० मार्क (एक मार्क म्हणजे दोन तृतीयांश पौंड) भरायचे आणि ते धर्मस्थान उभारायचं. विरोधी साक्षीदार म्हणाले, कसलं सांगणं? म्हाताऱ्याचा आवाज इतका खोल गेला होता, की तोंडाला कान लावल्याशिवाय शब्द कळत नव्हता.

येल्व्हर्टन आणि वुस्टर विरोधात गेले. फास्टॉल्फचा पाद्री टॉमस हाउझ आधी पॅस्टनच्या बाजूने होता. पुढे मनाला खातं म्हणून त्याने मृत्युपत्र खोटं असल्याचं सांगितलं. ब्रॅकली नावाच्या दुसऱ्या धर्मोपदेशकाने मरताना शपथेवर सांगितलं, ते खरं आहे. माझा कल पॅस्टनने मूळ इच्छेला सोयीची मुरड घातली, असं मानण्याकडे आहे. चौदा जणांची सोय करण्याची त्याला कधी घाई दिसत नाही.

भोगलं मात्र त्याने पुरतं. कज्जे चालू असताना तीनदा लंडनच्या फ्लीट तुरुंगात गेला, आणि १४६६मध्ये वारला. कॅसल कूम तेवढं विनातक्रार स्टीफनकडे परतलं. तोवर तो साठीला टेकला होता.

१४६८मध्ये येल्व्हर्टनच्या गटाने केस्टर नॉरफोकचा ड्यूक जॉन मोब्रे याला विकून टाकलं. पुढच्या ऑगस्टमध्ये ड्यूक सुमारे ३,००० माणसं आणि तोफा घेऊन वाड्यापुढे उभा. आत पॅस्टनचा धाकटा मुलगा आणि जेमतेम तीस जण. लंडनमध्ये मदतीच्या गोष्टी करणाऱ्या थोरल्याला आई मार्गरेटने खडसावून लिहिलं: तुझा भाऊ मोठ्या धोक्यात आहे, दाणागोटा संपत आलाय, दारूगोळा आणि बाण कमी पडताहेत. सुमारे पाच आठवड्यांनी, सप्टेंबरअखेर, वाडा पडला. जीव, घोडे आणि सामान घेऊन निघून जायची मुभा मिळाली.

मग जानेवारी १४७६मध्ये ड्यूक अचानक वारला. त्याला मुलगा नव्हता. पॅस्टनांनी संधी साधली आणि त्याच वर्षी केस्टर परत मिळवलं. ते पुढे १६५९पर्यंत त्यांच्याच घराण्यात राहिलं आणि शेवटी कर्जापायी विकलं गेलं.

आणि ते सात धर्मगुरू, सात गरीब? त्यांचा निकाल बिशप वेनफ्लीटने लावला. पोपची परवानगी काढून त्याने ते दान ऑक्सफर्डला स्वतः स्थापन केलेल्या मॉडलिन कॉलेजकडे वळवलं. केस्टरमधले सात पुरोहित आणि सात दरिद्री ऑक्सफर्डमधले सात पुरोहित आणि सात गरीब विद्यार्थी झाले. फास्टॉल्फच्या जमिनींचे कितीतरी कागद आज त्याच कॉलेजच्या दप्तरात आहेत.